नवा बॉल त्यांनी दिला नाही

"काका, बाबा गेले. आज सकाळीच. चहा घेता घेता मान टाकली."

दौलतभाऊंच्या मुलाचा, प्रकाशचा, फोन आला तेव्हा मी भिलाईजवळ जुनवानीच्या घरी अंगणात सायकलची चेन चढवत बसलो होतो. हात वंगणाने काळे झालेले, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाशी धरला होता. अशी बातमी आली की जीभ आपोआप बोलते. मी विचारलं, किती वाजता, त्रास झाला का, बाहेरगावचे कोण यायचे आहेत. सगळं रीतीप्रमाणे विचारलं. मनात मात्र जे आलं ते सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. मनात आलं, न सांगताच निघून गेला हा माणूस… साठ वर्षं होत आली, मी वाट पाहत होतो, आणि हा चहा पिता पिता निघून गेला.

याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी पद्धत आहे. दौलतभाऊंबद्दल चांगलं लिहायला मला चार नाही, चारशे शब्द सहज सापडतील. पण तेवढंच लिहिलं तर मी त्यांना ओळखत नव्हतो असं होईल.

मी भिलाईला आलो तेव्हा पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटायला अजून अवकाश होता. वय अठराच्या आसपास. साकोलीकडच्या आमच्या गावात आई आणि दोन लहान बहिणी. वडील नव्हते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो; गावात मान ताठ झाली होती, आणि मान ताठ झाली म्हणूनच शेतावरचं काम बंद झालं होतं. इथे एका ठेकेदाराकडे मला रिव्हेट तापवायचं काम मिळालं. लोखंडाच्या तुळया जोडायला अंगठ्याएवढी जाड रिव्हेटं भट्टीत लाल करायची आणि चिमट्याने धरून वर फेकायची. वर, पंचवीस-तीस फुटांवर, तुळईवर एक माणूस पत्र्याचा डबा घेऊन उभा असे. तो ती डब्यात झेलायचा आणि थंड व्हायच्या आत छिद्रात बसवायला पुढे द्यायचा. तो वरचा माणूस म्हणजे दौलतभाऊ. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, लाखांदूरकडचे, घरची थोडी शेती भावांवर सोडून आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी वरून ओरडून विचारलं, "नाव काय गा तुयं?"

"सुखदेव."

"सुखदेवा, माह्या तोंडाकडे नको फेकू. डब्याकडे पाहून फेक. तोंड एकच आहे मले!"

आठवडाभरात असं झालं की त्यांना डबा हलवावाच लागत नसे. मी भट्टीकडून वळायचो, चिमटा फिरवायचो, आणि वर 'टण्ण' असा आवाज यायचा. एक दिवस ते खाली उतरले, माझा उजवा दंड दाबून पाहिला, गुरांच्या बाजारात पाहतात तसा, आणि म्हणाले, "येत्या इतवारी ग्राउंडवर ये. तुया हातात बॉल देऊन पाह्यतो."

ग्राउंड म्हणजे लेबर कॅम्पच्या मागे दाबून बसवलेला मुरूम. त्यावर काथ्याची चटई ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकायचे, झाली खेळपट्टी. आमच्या कामावरच्या टीमचे दौलतभाऊ कॅप्टन होते. मी त्याआधी गावात लाकडी बॉलने खेळलो होतो. चामड्याचा लाल बॉल पहिल्यांदा हातात घेतला तो त्यांच्याकडून. त्यांनी शिवण कशी धरायची ते दाखवलं, बोटांना बोटं लावून. मी वीस पावलं पळत आलो आणि टाकला. स्टंप मागे जाऊन पडला. कारखाना उभारायला आलेले दोन रशियन साहेब रस्त्यावर उभे राहून पाहत होते. त्यातल्या एकाने दुभाष्यामार्फत विचारलं, एवढं लांबून पळत येऊन हा माणूस पुन्हा चालत परत का जातो? दौलतभाऊ म्हणाले, "त्याइले सांगा, पुन्यांदा येऊन मारासाठी!"

त्या संध्याकाळी त्यांनी मला आपल्या खोपटात जेवायला नेलं. मी दाराशीच बसलो होतो. शकुवहिनींनी आतून पाट आणला, दौलतभाऊंच्या पाटाशेजारी टाकला आणि म्हणाल्या, "भाऊजी, दारात कावून बसले? कुत्रं येते तिथं." ताट काशाचं होतं, त्यांच्या ताटासारखंच. जेवण झाल्यावर मी सवयीने ताट धुवायला उचललं तर वहिनींनी हातातून काढून घेतलं. आजच्या मुलांना यात सांगण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. मी मात्र त्या रात्री झोपताना ठरवलं होतं की या माणसासाठी जीव द्यायची वेळ आली तर द्यायचा. अठराव्या वर्षी माणूस असंच काहीतरी ठरवतो.

पहिल्या हंगामात नवा बॉल माझ्याकडे होता. सकाळी सकाळी, चटईवर दव असताना, मी सुरुवात करायचो. कधी पहिल्याच ओव्हरमध्ये दोन दांड्या उडायच्या, कधी बॉल भलतीकडे जायचा. मला तर सुरुवातीचीच नशा होती. हातात चकचकीत लाल बॉल, समोर ताजा बॅट्समन, आणि सगळं ग्राउंड आपल्याकडे पाहत असलेलं… दुसऱ्या हंगामाच्या तोंडाशी बातमी आली की वरच्या पातळीवर कारखान्याची एक मोठी टीम निवडायची आहे, आणि जे निवडले जातील त्यांना कायम नोकरी मिळेल. आमच्या ठेकेदाराचं काम वर्षा-दोन वर्षांत संपणार हे सगळ्यांना दिसत होतं. काम संपलं की आम्ही पुन्हा गावाच्या रस्त्याला. कायम नोकरी म्हणजे क्वार्टर, क्वार्टर म्हणजे आई आणि बहिणी इथे. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याच सुमारास दौलतभाऊंनी विषय काढला. आम्ही भट्टीजवळ डबे सोडून जेवत होतो.

"सुखदेवा, यंदा तू पयल्यांदा नको येऊ. शेवटी ये."

"कावून?"

"सुरुवात कोनीबी करते बापा. पाच-सहा जन आउट झाल्यावर जे शेपूट उरते ना, ते लय तरास देते. तवा तू ये. बॉल जुना राह्यला तरी तुयी चाल सरळ दांडीवर आहे. तिथं तुयासारखा कोनी नाही. सुरू करनारे शंभर भेटतीन, संपवनारा एखादाच राह्यते."

मी म्हटलं, "पण भाऊ, निवडनारे पाह्यतीन तर नव्या बॉलवाल्यालेच पाह्यतीन ना?"

"ते पाह्यनारे आंधळे आहेत का? दिवसभर बसतीन. तुले संपवतानी पाह्यतीन तर डोक्यावर घेतीन. मायावर भरोसा आहे का नाही तुया?"

ज्याच्या डब्यात डोळे मिटून जळतं लोखंड फेकायचं, त्याच्यावर भरोसा नाही तर कोणावर? मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात एका मोठ्या साहेबांचा पुतण्या आमच्या टीममध्ये आला. शिकलेला, सभ्य मुलगा होता, पांढरीशुभ्र पँट घालायचा. त्याच्याविषयी माझी आजही तक्रार नाही. नवा बॉल त्याच्याकडे गेला.

निवडीच्या दिवशी सकाळीच तिघे जण जीपमधून आले आणि ताडपत्रीच्या सावलीत खुर्च्यांवर बसले. आमची फील्डिंग आधी होती. पुतण्याने नव्या बॉलने सुरुवात केली, चांगली टाकली, तीन गडी घेतले. मला दौलतभाऊंनी पार सीमेवर उभं केलं होतं, जीपच्या बरोबर समोर. बॉल माझ्याकडे येत नव्हता. मी दर ओव्हरच्या शेवटी त्यांच्याकडे पाहायचो आणि ते हाताने खूण करायचे, थांब. दोनदा मी हात वर केला. थांब. जेवणाच्या सुट्टीपर्यंत समोरच्यांचे पाच गेले होते. सुट्टी झाली, तिघे उठले, दौलतभाऊंशी हात मिळवला, आणि जीपमध्ये बसून निघून गेले. मला वाटलं, जेवायला गेले, येतील.

जेवणानंतर पहिलाच बॉल दौलतभाऊंनी माझ्याकडे फेकला. "चाल सुखदेवा, आता तुयं काम." मी टाकत राहिलो आणि अधूनमधून रस्त्याकडे पाहत राहिलो. तशी बॉलिंग मी आयुष्यात पुन्हा केली नाही. चार ओव्हरच्या आत पाचही गडी मी घेतले, तिघांच्या दांड्या उडवून. शेवटची दांडी उडाली तेव्हा टीमची पोरं नाचत होती आणि ताडपत्रीखाली तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. दौलतभाऊंनी मला मिठी मारली. "पाह्यलं? म्या सांगतलं होतं ना, संपवाले तूच पाह्यजे!" त्यांचे डोळे ओले होते. ते ओले का होते याचा विचार मी नंतर पुष्कळ केला…

यादी लागली. तिच्यात पुतण्या होता. टीमचा कॅप्टन म्हणून दौलतभाऊ होते. मी नव्हतो. "पुढच्या साली," ते म्हणाले, "पुढच्या साली नक्की." मी ते खरं मानलं. महिनाभरात त्यांना कायम नोकरीचा कागद आला, पाठोपाठ सेक्टर सहामधल्या क्वार्टरची किल्ली. लोक वर्ष वर्ष वाट पाहत होते, यांना लगेच मिळाली. रुजू व्हायला अजून चार दिवस होते, म्हणून रविवारी सामान हलवायचं ठरलं. मी दोन मित्रांना घेऊन हातगाडी ढकलत गेलो. नवा चुना, नवी दारं, नळाला पाणी. मी खाट आत आणली, वहिनी स्वयंपाकघरात उकिडव्या बसून चूल कुठे मांडायची ते पाहत होत्या. घर चांगलं आहे वहिनी, असं काहीतरी मी म्हटलं. त्या वर पाहेनात.

"भाऊजी, या घरात मले भाकर गोड नाही लागनार."

"असं कावून म्हणता?"

"हे घर तुमच्या बॉलवर आलं. सायबानं यायले सांगतलं होतं, पुतण्याले पुढं कर, मी तुयं पाह्यतो. आन ते लोक जेवाच्या वक्ताले उठून जानार, हेही सांगतलं होतं. यायले सारं ठाऊक होतं. मी म्हनलं, त्या लेकराले दोन तरी ओव्हर द्या सकाळी… तर म्हने, त्यानं चांगला टाकला तर मग?"

खाटेचा एक पाय अजून माझ्या हातात होता. मी खाट खाली ठेवली, नीट, आवाज न करता. बाहेर दौलतभाऊ मित्रांना बिड्या देत हसत उभे होते. म्हणाले, "कुठं चालला गा? चहा होऊन राह्यला." मी चालत निघालो. वहिनींचं ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून त्यांनी मला मागे ठेवलं असतं तर मी सहन केलं असतं. मी चांगला टाकेन याची खात्री होती, म्हणून मागे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. ते वर तुळईवर, मी खाली भट्टीपाशी. मला सगळं कळलंय हे त्यांना कळलं होतं. वहिनींनी सांगितलं असणार. त्यांनी डबा पुढे धरला. मी चिमट्यात लाल रिव्हेट धरलं. खरं सांगतो, माझा हात एकदा थांबला. बोटभर इकडे किंवा तिकडे… मला कोणी दोष दिला नसता, असे अपघात होतच असत. ते वरून पाहत होते. डबा त्यांनी हलवला नाही, बाजूलाही झाले नाहीत. मी फेकलं. टण्ण. दिवसभर मी फेकत राहिलो आणि एकही चुकलं नाही. सुट्टीच्या भोंग्यानंतर ते खाली आले, माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "आज हात लय सरळ होता तुया." आणि गेले.

पुढच्या साली काही झालं नाही, कारण पुढच्या सालापर्यंत ठेकेदाराचं काम संपलं होतं. मी गावी गेलो, आठ महिने धानाच्या कापणीपासून मातीकामापर्यंत मिळेल ते केलं, मग दुर्गला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागलो. आई तोवर गेली होती. बहिणींची लग्नं मी रेल्वेच्या नोकरीवर केली, संसार केला, मुलं शिकवली. माझं आयुष्य काही वाया गेलं नाही. पण आईला नळाचं पाणी दाखवायचं राहिलं, ते राहिलंच.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. रेल्वेच्या आमच्या शेडची टीम होती. तिथे मी पहिल्या दिवशी हट्टाने नवा बॉल मागून घेतला, आणि पहिल्या ओव्हरमध्ये बेदम मार खाल्ला. पुन्हा मागितला, पुन्हा मार खाल्ला. दोन हंगाम मी ऐकलं नाही. मग तिथल्या कॅप्टनने मला शेवटी ठेवलं आणि मी सामने काढून देऊ लागलो. म्हणजे दौलतभाऊ जे बोलले होते ते खरं होतं. मी संपवणाराच होतो, त्यांनी ते बरोबर ओळखलं होतं. 'दिवसभर बसतीन' एवढं एक सोडलं, तर माझं नुकसान त्यांनी खोटं बोलून नाही, खरं बोलून केलं. सगळंच खोटं असतं तर मी त्यांना एका शिवीत मोकळं केलं असतं. या खऱ्यामुळे मला त्यांचा पुरता रागही धड करता आला नाही, आणि त्यासाठीही मी त्यांना माफ केलेलं नाही.

संबंध तुटले नाहीत, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. दरवर्षी चौदा एप्रिलला दौलतभाऊ सायकलवर, पुढे स्कूटरवर, आमच्या विहारात हार घेऊन यायचे. माझ्या थोरल्याच्या लग्नात त्यांनी दोन दिवस पंगतीत वाढलं. धाकटीला टायफॉइड झाला तेव्हा आठवडाभर रोज येऊन बसले. ते आले की मला दर वेळी वाटायचं, आज सांगतील. दोन वाक्यांचं काम होतं. ते पावसावर बोलत, पगारावर बोलत, पोरांवर बोलत. जाताना दारात क्षणभर घुटमळत, चप्पल शोधल्यासारखी करत… आणि जात. मी विचारलं नाही. मी का विचारायचं? ज्याने केलं त्याने सांगायचं असतं. वहिनी गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. त्यांनी माझा हात धरला आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "बोला ना यायच्याशी." दौलतभाऊ औषधाची बाटली घेऊन खिडकीपाशी गेले आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचत उभे राहिले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी दोन महिने, दुर्गजवळ बोरसीला, प्रकाशने बांधलेल्या घरी. शरीर वाळलं होतं, डोकं शाबूत होतं. प्रकाशचा मुलगा कॉलेजातून आला तर त्याला म्हणाले, "हा सुखदेव. याच्यासारखा संपवनारा म्या आयुष्यात पाह्यला नाही." मुलगा हिंदीत 'वाह दादाजी' म्हणून आत गेला. आणि माझा इतक्या वर्षांचा बांध कसा कोण जाणे फुटला.

"भाऊ, ते तिघे जेवाच्या वक्ताले उठून जानार, हे तुमाले ठाऊक होतं ना?"

त्यांनी पांघरुणाची किनार बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "इतके साल कावून नाही इचारलं?"

"तुमी सांगसान म्हनून."

"मी वाट पाहून राह्यलो होतो…" ते म्हणाले, "तू इचारशीन म्हनून."

त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग आतल्या दिशेने हाक मारली, "सूनबाई, सुखदेवकाकाइले चहा आन." चहा आला. आम्ही प्यायलो. निघताना त्यांनी माझा दंड दाबला आणि म्हणाले, "पुढच्या येळेस ये. सांगतो." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा बोरसीला गेलो, प्रकाशला भेटायला. तो म्हणाला, "काका, बाबा कुठे बसायचे ते दाखवतो." घरामागे दोन गल्ल्या ओलांडून मोकळं मैदान आहे. पोरं टेनिस बॉलने खेळत होती. कडुनिंबाखाली एक निळी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती, रिकामी. पोरांनीच मांडली होती. दौलतभाऊ गेले हे त्यांना माहीत होतं, पण रविवारी स्टंप ठोकायचे आणि खुर्ची मांडायची अशी त्यांची सवय झाली होती. प्रकाशने सांगितलं, जेवायला बोलावलं तरी बाबा उठत नसत. ताट झाकून ठेवावं लागे. ऊन डोक्यावर येवो की एकच गडी उरलेला असो, शेवटचा बॉल पडेस्तोवर ते हलायचे नाहीत. आणि ज्याने शेवटची ओव्हर टाकली असेल त्या पोराला जवळ बोलावून नाव विचारायचे.

एक पोरगा धावत आला. "बाबा, आप बैठो ना. खाली है."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. उन्हाने ती तापली होती. बसलो नाही. तिच्या शेजारी उभा राहिलो, मॅच संपेपर्यंत, पाय दुखायला लागले तरी. शेवटची ओव्हर एका काळ्यासावळ्या, उंच, अनवाणी पोराने टाकली. चांगली टाकली. सगळे पांगले तेव्हा तो बॉल उचलायला माझ्याजवळून गेला, आणि मी त्याचं नाव विचारलं नाही.